सालई : आपल्या डोंगरांवरील एका औषधी वृक्षाचा इतिहास

इ. स. १७९९ साली नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी कंपनी सरकारचा वकील म्हणून हेन्री टॉमस कोलब्रूक नावाचा इंग्रज गृहस्थ आला. मिर्झापुराहून नागपुरापर्यंतचा प्रवास त्याने खुष्कीच्या मार्गाने, विंध्य-सातपुड्याची अरण्ये ओलांडून केला, आणि त्याचे वर्णनही पुढे प्रसिद्ध केले. ज्या राजकारणासाठी तो आला होता ते साधले नाही, व १८०१ मध्ये तो रिक्त हस्ते परतला. तथापि हा मनुष्य नुसता मुत्सद्दी नव्हता. वेद, धर्मशास्त्र, कोशवाङ्मय ह्यांचा त्याचा व्यासंग त्या काळच्या युरोपीय पंडितांत अग्रगण्य मानला जाई. त्याच कोलब्रूकने १८०७ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत धुपावर एक निबंध लिहिला, आणि त्या निबंधातून एका भारतीय वृक्षाचे शास्त्रीय नाव प्रथम छापून जगापुढे आले. तो वृक्ष म्हणजे आपली सालई.

नागपूर, रामटेक, देवलापार, पेंच, तसेच मेळघाटाकडील खडकाळ, कोरड्या टेकड्यांवर जिथे सागासही तग धरणे जड जाते तिथे सालई उभी असते. मृदू माती, पाणथळ जागा हिला मानवत नाही. राखी-हिरवट साल, कागदासारखे तिचे सुटणारे पापुद्रे, निंबाच्या पानाची आठवण करून देणारी दातेरी पर्णिका, आणि पानगळीनंतर उघड्या फांद्यांवर येणारी बारीक पांढरी फुले ही तिची ओळख. फळ तीन धारांचे असते व पिकल्यावर तीन शकलांनी उकलते. वनशास्त्रज्ञांनी भारतातील वनांचे जे वर्गीकरण केले त्यात सालईबहुल अरण्यास स्वतंत्र स्थान दिले आहे. आपल्या नागपूर परिसरात सालई गोधनीसारखे गाव ह्या झाडाचेच नाव आजही धारण करून आहे.

सालीस चीर दिली की सुवासिक चीक पाझरतो व वाऱ्याने घट्ट होऊन मधाच्या रंगाचे खडे बनतात. ह्यालाच सालई गुग्गुळ किंवा सालईचा डिंक म्हणतात. खरा गुग्गुळ निराळ्या झाडाचा, काटेरी झुडुपाचा; परंतु दोन्ही वनस्पती एकाच कुळातील असल्याने नावाची ही सरमिसळ अगदीच निराधार नाही. काष्ठौषधींच्या दुकानांत धूप, लोबान, ऊद, सालई ही नावे एकमेकांच्या पाटावर बसलेली आढळतात, आणि गिऱ्हाइकाने नीट चौकशी न केल्यास त्याच्या पुडीत काय पडेल ह्याचा नेम नसतो.

संस्कृतात ह्या वृक्षाचे नाव सल्लकी वा शल्लकी. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात त्याचे पर्याय दिले आहेत, त्यांत गजभक्ष्या हा शब्द मोठा बोलका आहे. हत्तीला ह्या झाडाचा पाला व कोवळ्या फांद्या अतिशय प्रिय, म्हणून संस्कृत कवींच्या अरण्यवर्णनांत हत्ती आला की सल्लकी आलीच. सुरभी आणि ह्लादिनी ही आणखी दोन नावे तिच्या सुगंधाची साक्ष देतात. कुंदुरुकी हे नाव मात्र अधिक महत्त्वाचे आहे. त्याकडे पुढे वळू.

वैद्यकग्रंथांत काय सापडते? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मलाचा वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गण सांगितला आहे, त्यात शल्लकीच्या सालीचा अंतर्भाव आहे. सुश्रुताने लोध्रादि गणात तिला स्थान दिले. म्हणजे जुन्या वैद्यांच्या दृष्टीने सालई ही मुख्यतः स्तंभक, कषाय रसाची, अतिसार व व्रण ह्यांवर उपयोगी पडणारी वनस्पती होती, आणि औषधात साल प्रामुख्याने वापरली जाई. सांधेदुखीच्या प्रकरणात ग्रंथकारांच्या ओठांवर येणारे नाव गुग्गुळाचे होते, सालईचे नव्हे. आजकाल औषधांच्या वेष्टनांवर ‘सांध्यांवर सहस्रावधी वर्षांचा सिद्ध उपाय’ अशी भाषा छापलेली दिसते, ती वाचताना हा भेद ध्यानी ठेवावा. आपल्या पूर्वजांचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी त्यांनी न लिहिलेले त्यांच्या तोंडी घालण्याची गरज नाही. जे त्यांनी लिहिले तेच पुष्कळ आहे.

आता कोलब्रूककडे परत जाऊ. युरोपातील देवळांत जाळला जाणारा मौल्यवान धूप अरबस्तानातून येतो अशी प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांपासूनची समजूत होती. परंतु तो कोणत्या झाडाचा, हे कोणास नक्की ठाऊक नव्हते. अरबीत त्याला कुंदुर म्हणतात. संस्कृत कोशांतील कुंदुरु आणि अरबी कुंदुर ह्यांचे साम्य कोणाच्याही ध्यानी यावे असे आहे. कोलब्रूकचा निष्कर्ष असा की, तो सुप्रसिद्ध धूप भारतातील ह्या सालईचाच असावा. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग ह्याने झाडाची शास्त्रीय ओळख पटवून, जॉन बॉस्वेल ह्या स्कॉटिश वैद्याच्या स्मरणार्थ त्याला बॉस्वेलिया सेराटा असे नाव दिले. सेराटा म्हणजे करवतीसारखी दातेरी. पानावरून हे विशेषण आले.

कोलब्रूकचा निष्कर्ष मात्र चुकला होता, आणि ती चूक दुरुस्त करण्याचे श्रेय आपल्याच प्रदेशात जन्मलेल्या एका इंग्रजाकडे जाते. जॉर्ज बर्डवुड हा १८३२ साली बेळगावात जन्मला, मुंबईच्या वैद्यकीय सेवेत होता, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने अध्यापन केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया उद्यानाच्या व संग्रहालयाच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. सोमाली किनाऱ्याकडील धूपवृक्षांचा अभ्यास करून १८७० साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की, अरबी व्यापारातील धूप हा अरबस्तान व आफ्रिका ह्यांच्या किनाऱ्यावर होणाऱ्या सालईच्या बहिणींपासून येतो. भारतीय सालई ही त्याच वंशाची, पण निराळी जात आहे. ह्या निबंधात बर्डवुडने ज्या नव्या जाती वर्णिल्या त्यांपैकी एकीला त्याने आपल्या मुंबईकर मित्राचे, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव दिले. पुढील शास्त्रज्ञांनी ती जात स्वतंत्र मानली नाही हे खरे. तथापि धुपाच्या झाडावर एका मराठी वैद्याचे नाव काही काळ का होईना कोरले गेले, ही गोष्ट आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

भाऊ दाजींचा उल्लेख ओघाने आला आहे तर दोन शब्द अधिक लिहितो, कारण ते प्रस्तुत विषयाला सोडून नाहीत. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील हा बुद्धिमान पुरुष. महारोगावर देशी वनस्पतीचा उपाय शोधण्यात त्यांनी आपल्या उत्तर आयुष्यातील पुष्कळ वेळ वेचला व कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा प्रयोग अनेक रोग्यांवर केला. परिणाम आशादायक दिसत होते. परंतु उपचाराची पूर्ण कृती त्यांनी जाहीर केली नव्हती, आणि १८७४ साली त्यांचा देहान्त झाला. ह्याच कुळातील बियांचे तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर महारोगावर वापरले गेले, तेव्हा त्या इतिहासात भाऊ दाजींच्या वाट्याला जे स्थान यायला हवे होते ते आले नाही. गुप्त राखलेल्या विद्येची ही नेहमीची गती आहे. आपल्याकडे घरोघरी ‘आमच्या आजोबांना एक मुळी माहीत होती’ असे सांगणारे भेटतात. ती मुळी कोणती, हे सांगणारा भेटत नाही.

सालईचा पुढचा इतिहास औषधाचा नसून कारखान्यांचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील पिअर्सन व पूरणसिंग ह्यांनी सालईच्या चिकापासून टर्पेंटाइन, राळ व डिंक वेगळे करण्याची रीत तपासली आणि १९१८ साली त्यावर टिपण प्रसिद्ध केले. हे पूरणसिंग म्हणजे पंजाबी भाषेतील नामवंत कवी. प्रयोगशाळेत रसायनशास्त्र आणि घरी काव्य असा त्यांचा दुहेरी संसार होता. त्यानंतर आली कागदाची पाळी. सालईचे लाकूड हलके, लवकर किडणारे. खोक्यांपलीकडे त्याला कोणी विचारीत नसे. ह्या टाकाऊ लाकडापासून वृत्तपत्रांचा कागद बनवावा ह्या कल्पनेतून १९४७ च्या जानेवारीत नेपा कंपनी स्थापन झाली, आणि पं. जवाहरलाल नेहरूंनी २६ एप्रिल १९५६ रोजी नेपानगरच्या गिरणीचे उद्घाटन केले. नेपानगर तेव्हा ज्या मध्यप्रदेश राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचना होऊन ती भोपाळला जाण्यास अद्याप सहा महिने अवकाश होता. देशातील वृत्तपत्री कागदाची ही पहिली गिरणी. सालई आणि बांबू ह्यांच्या लगद्यावर छापलेली दैनिके त्या काळी आपल्या वडीलधाऱ्यांनी वाचली असतील. ज्या झाडाच्या चिकात औषध दडले होते त्या झाडाचा लगदा करून त्यावर आपण बाजारभाव छापीत होतो! पण त्या वेळी कोणास काय ठाऊक?

औषध म्हणून सालईचा नवा जन्म झाला तो जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत. तेथे डॉ. चांद किशन अटल व डॉ. जी. बी. सिंग ह्यांनी सालई गुग्गुळाचा, डिंकाचा भाग काढून टाकलेला अर्क प्राण्यांवर तपासला. सूज व सांध्यांचा दाह त्याने कमी होतो, आणि वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जे व्रण होतात तसे ह्याने होत नाहीत, असे त्यांस आढळले. १९८६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आता प्रश्न उरला तो असा की, हा परिणाम घडतो कसा? त्याचे उत्तर जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठातून आले. धूपराळेत बॉस्वेलिक आम्ल नावाचे द्रव्य असते ही गोष्ट १८९८ पासून रसायनज्ञांना विदित होती. प्राध्यापक अम्मोन आणि त्यांचे सहकारी सफायी ह्यांनी १९९१-९२ च्या सुमारास दाखवले की, ही आम्ले शरीरातील एका विशिष्ट विकराचे कार्य रोखतात.

वाचकांस हे थोडे सुबोध करून सांगणे अवश्य आहे. शरीरात कोठे इजा झाली की पेशींच्या आवरणातील एक स्निग्धाम्ल सुटे होते. त्यापासून दोन वाटांनी दाह उत्पन्न करणारी द्रव्ये तयार होतात. अॅस्पिरिन व तत्सम गोळ्या त्यांपैकी एक वाट बंद करतात. पण त्याच वाटेवर जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्येही बनत असल्याने ती वाट बंद केली की पोट बिघडते. बॉस्वेलिक आम्ले दुसरी वाट अडवतात, ज्या वाटेने श्वेतपेशींना सुजेच्या जागी बोलावून आणणारी द्रव्ये बनतात. म्हणून गुण येण्यास विलंब लागला तरी पोटास उपद्रव कमी. हे द्रव्य आतड्यातून रक्तात फार थोडे उतरते, आणि स्निग्ध आहाराबरोबर घेतल्यास अधिक उतरते, असेही २००४ च्या एका जर्मन प्रयोगात आढळले. औषध तुपाबरोबर वा दुधाबरोबर देण्याची आपली जुनी अनुपानाची पद्धत इथे सहज आठवते. मात्र त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये.

उंदरावर जे सिद्ध होते ते माणसावर होतेच असे नाही. माणसांवरील परीक्षेत आपल्या नागपूरने जो भाग घेतला, तो ह्या लेखाचे खरे प्रयोजन होय. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांशी संबंधित अस्थिरोगतज्ज्ञ व औषधिशास्त्रज्ञ ह्यांनी, किंमतकर, थावानी, हिंगोरानी व खियानी ह्या चौघांनी, गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांवर सालईच्या अर्काची चाचणी घेतली आणि २००३ साली ‘फायटोमेडिसिन’ ह्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. चाचणीची रचना समजून घेण्यासारखी आहे. पंधरा जणांना आठ आठवडे अर्क दिला, पंधरा जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कुपी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या वैद्यासही नव्हते. मग मध्ये काही काळ थांबून दोन्ही गटांची अदलाबदल केली. म्हणजे प्रत्येक रुग्ण स्वतःच स्वतःची तुलना झाला. अर्क घेत असताना गुडघ्याची वेदना कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले, सूज येण्याचे प्रमाण घटले. क्ष-किरण चित्रात मात्र काहीही बदल दिसला नाही. झिजलेली कूर्चा भरून आली, असे संशोधकांनी म्हटले नाही, आणि ही त्यांची प्रामाणिकता मला त्यांच्या यशापेक्षाही अधिक मोलाची वाटते.

त्याच मालिकेतील दुसरी चाचणी २००७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त आली. डॉ. स्मिता सोनटक्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६६ रुग्णांचे दोन गट करून एका गटास सालईचा अर्क व दुसऱ्यास व्हाल्डेकॉक्सिब नावाचे त्या काळचे नवे वेदनाशामक सहा महिने दिले. व्हाल्डेकॉक्सिबने महिनाभरात आराम पडला. सालईला दोन महिने लागले. परंतु औषध थांबवल्यावर व्हाल्डेकॉक्सिबचा गुण लगेच ओसरला, तर सालईचा त्यानंतरही महिनाभर टिकला. ह्या कथेचा उत्तरार्ध असा की, निबंध छापून येईपर्यंत ते नवे वेदनाशामकच बाजारातून नाहीसे झाले होते. हृदयविकार व त्वचेचे गंभीर विकार उद्भवतात ह्या कारणाने २००५ साली अमेरिकेत ते मागे घेतले गेले व भारतातही त्यावर बंदी आली. स्पर्धेत जलद धावणारा गडी असा मध्येच बाद व्हावा हे गमतीचे वाटेल. पण सहासष्ट रुग्णांची खुली चाचणी म्हणजे अंतिम निवाडा नव्हे, आणि सालईची बाजू घेणाऱ्यांनीही ते विसरता कामा नये.

सूज आणि संधिवात इथपर्यंत झाले. परंतु सालईचे नाव आता ज्या व्याधीशी जोडले जाते आहे ती व्याधी आपल्या घराघरांत भीतीने उच्चारली जाते. कर्करोगास आपल्या ग्रंथांत अर्बुद म्हटले आहे. सुश्रुताने निदानस्थानात त्याचे वर्णन केले असून, अर्बुद पिकत नाही, आणि एकावर दुसरे उद्भवते हे त्याने नोंदले आहे. तसेच शस्त्रक्रियेत अवशेष राहिला तर ते पुन्हा वाढते हेही त्याने बजावले. दाह आणि अर्बुद ह्यांचा संबंध युरोपात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो ह्याने १८६३ साली सुचवला, तो अर्बुदाच्या मांसात श्वेतपेशी पाहून. दीर्घकाळ धुमसणारा दाह कर्करोगास अनुकूल भूमी तयार करतो हे आज सर्वमान्य आहे. म्हणून दाह शमवणाऱ्या वनस्पतींकडे कर्करोगाचे संशोधक वळले, हे स्वाभाविकच झाले.

वनस्पतीपासून कर्करोगावर औषध मिळतच नाही असे कोणी म्हणेल तर ते असत्य ठरेल. आपल्या अंगणातील सदाफुली घ्या. मधुमेहावर तिचा उपयोग होतो का हे पाहताना कॅनडातील नोबल व बिअर ह्यांना तिच्या अर्काने श्वेतपेशी घटतात असे दिसले, आणि १९५८ साली त्यातून निघालेले द्रव्य जाहीर झाले. तिच्याच दुसऱ्या द्रव्याने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचाराला नवी दिशा दिली. खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेले, आणि नॉर्थ कॅरोलायनात डॉ. मन्रो वॉल ह्यांच्यासह त्यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन व १९७१ साली यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल ही द्रव्ये शोधली. दोन्हींपासून आज जगभर वापरली जाणारी औषधे झाली. पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे गोविंदाचारी व त्यांचे सहकारी विश्वनाथन ह्यांनी सह्याद्रीतील नरक्या ह्या दुर्गंधी झाडात तेच कॅम्प्टोथेसिन आढळल्याचे प्रसिद्ध केले. परिणाम असा झाला की, ज्या झाडाकडे कोणी नाक मुरडून पाहत असे ते चोरून तोडले जाऊ लागले.

ह्या यशस्वी उदाहरणांबरोबर एक अर्धवट राहिलेलेही सांगितले पाहिजे. आपल्या विदर्भातील बिब्बा सर्वांच्या परिचयाचा. चरकाने रसायन म्हणून त्याची स्तुती केली आहे, आणि अंगावर उतला तर काय होते हे खेड्यातील मुलासही ठाऊक आहे. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे ह्यांनी गोठोस्कर ह्यांच्यासह बिब्ब्याच्या अर्काची कर्करोगविरोधी चाचणी करून १९७१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर मुंबईत व मद्रासेत आणखी प्रयोग झाले. प्राण्यांत आशा दिसली. परंतु पन्नास वर्षे उलटली तरी रुग्णालयात लिहून द्यावे असे औषध त्यातून निर्माण झाले नाही. सदाफुलीचा आणि बिब्ब्याचा मार्ग एकाच ठिकाणाहून सुरू झाला. एक मुक्कामास पोचला, दुसरा वाटेतच राहिला. शंभर वनस्पती तपासल्या तर बहुतेकींची गत बिब्ब्यासारखीच होते, आणि तीत लाजण्यासारखे काही नाही.

मग सालई कोठे बसते? काचेच्या भांड्यात वाढवलेल्या अर्बुदपेशी तिच्या आम्लांनी मरतात असे पुष्कळ प्रयोग आहेत. पण काचेच्या भांड्यात अर्बुदपेशी मारणे हे फार अवघड काम नव्हे. माणसांतील ठोस पुरावा एका मर्यादित बाबतीत आहे. मेंदूत अर्बुद असले की त्याभोवती सूज येते, कवटी कठीण असल्याने सुजेला पसरण्यास जागा नसते, आणि रुग्णास डोकेदुखी, झटके, ग्लानी येते. किरणोपचाराने ही सूज वाढू शकते. ती आवरण्यास स्टेरॉइड द्यावे लागते, व त्याचे दुष्परिणाम अनेक. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे किर्स्टे व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोपचार घेणाऱ्या ४४ रुग्णांवर चाचणी केली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. सालईचा अर्क घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांत सूज पाऊणपटीहून अधिक उतरली. औषधरहित कुपी घेणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. रोगाची वाढ थांबण्याचा काळ मात्र त्याने लांबला नाही. अर्बुद तसेच राहिले, भोवतालची सूज उतरली. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराला ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही. तथापि ‘सालईने कर्करोग बरा होतो’ आणि ‘सालईने अर्बुदाभोवतीची सूज उतरते’ ही दोन वाक्ये एक नव्हेत.

हा भेद इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आपल्या ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. आपल्या कुटुंबांतून कर्करोगाचे निदान झाले की पहिल्या आठवड्यातच चार हितचिंतक चार वेगवेगळ्या काढ्यांची नावे घेऊन येतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलून चूर्णांवर तीन महिने काढले, आणि तोवर जो रोग कापून निघाला असता तो मानेच्या गाठींपर्यंत पोचला, अशी उदाहरणे ऐकण्यात नाहीत असे घर विरळाच. तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर हा विलंब प्राणघातक होय. आणि विदर्भात तोंडाच्या कर्करोगाचे मूळ शोधण्यास फार दूर जाण्याची गरज नाही. पानठेल्यावर तंबाखू-सुपारी-चुना घोटून प्लॅस्टिकच्या पन्नीत मळला जाणारा खर्रा आपल्या लग्नमंडपांतही खिशाखिशांतून फिरतो. एका हाताने खर्रा मळावा आणि दुसऱ्या हाताने वनौषधी शोधावी, हा व्यवहार कोणत्या संहितेत बसतो? ज्यांस सालईचा अर्क घ्यावयाचा आहे त्यांनी तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांस सांगून घ्यावा, लपवून घेऊ नये. कारण अनेक औषधे यकृताच्या एकाच मार्गाने शरीराबाहेर जातात व एकमेकांच्या वाटेत येतात. खडा फोडून खाल्लेला बाजारी धूप म्हणजे चाचणीतला अर्क नव्हे, हेही इथेच नमूद करून ठेवतो.

आता वृक्षाविषयी थोडेसे. सालईचा चीक हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गोळा केला जातो. मेळघाटाकडे कोरकू, इतरत्र गोंड व अन्य वनवासी बांधव हे काम करतात. सालीचा पातळ पापुद्रा तेवढा काढायचा, खोलवर घाव घालायचा नाही, जखम भरू द्यायची, एकाच झाडास वर्षानुवर्षे सतत चिरायचे नाही, ही त्यांची जाणती रीत. एका झाडापासून वर्षाकाठी किलोभराच्या आसपास चीक मिळतो असे सांगतात. जेव्हा मागणी वाढते आणि खरेदीदार वजनावर दाम मोजतो, तेव्हा ही रीत टिकवणे गोळा करणाऱ्याच्या हाती राहत नाही. झाड खोल चिरले जाते, बुरशी व किडा शिरतो, आणि दोन-तीन वर्षांत ते वाळते. त्यात वणवा आणि चराई. सालईचे बी फार थोडे उगवते, उगवलेली रोपे उन्हाळ्यात वरून जळतात व पावसाळ्यात मुळातून पुन्हा फुटतात, असे कित्येक वर्षे चालते, तेव्हा कोठे एखादे झाड उभे राहते. आज ज्या अर्काच्या कुपीवर जर्मनीतील वा अमेरिकेतील विक्रेत्याचे नाव असते, तिच्यातील राळ बहुधा अशाच एखाद्या डोंगरावरून, डोक्यावरच्या टोपलीतून खाली आलेली असते. त्या टोपलीवाल्यास त्या कुपीच्या किमतीचा कोणता अंश मिळतो, ह्याचा हिशेब कोणी छापलेला माझ्या पाहण्यात नाही.

एक गोष्ट मात्र सालईच्या बाजूने आहे. बी हट्टी असले तरी फांदी तशी नाही. मनगटाएवढ्या जाडीची ओली फांदी पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत रोवली तर ती बहुधा मूळ धरते, म्हणूनच खेड्यांत तिचे जिवंत कुंपण करीत असत. ज्या बंधूंची शेते रामटेक, पारशिवनी, सावनेर वा काटोलकडे आहेत, आणि ज्यांच्या बांधावर मुरमाड, निरुपयोगी म्हणून सोडलेली जागा आहे, त्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेत किंवा गावातील जाणत्या गोंड वडीलधाऱ्यांकडे चौकशी केल्यास फांद्या कधी व कोठून घ्याव्यात हे त्यांस कळेल. पाणी साचणारी जागा तेवढी टाळावी.